बाकावरचा खेळ : अजित वाडेकर यांचे दोन डाव

(परभणी येथे झालेल्या स्मृतिव्याख्यानाचा मजकूर)



ज्या क्रीडाशिक्षकांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर पोरं घडवली आणि स्वतः मात्र मैदानाच्या कडेला उभे राहिले. म्हणून आज मी कडेला उभ्या राहणाऱ्या माणसाविषयी बोलणार आहे. नाव अजित वाडेकर. विषय क्रिकेटचा असला तरी सुरुवात फुटबॉलने करतो, कारण ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणणाऱ्या गावात यायचं आणि जर्मनीला वगळायचं, हे बरं दिसत नाही.

या जर्मनीने जगातल्या एका फार मोठ्या खेळाडूचं स्वप्न मोडलं. हंगेरीचा फेरेंक पुश्काश. ठेंगणा, अंगाने भरलेला, पण डाव्या पायात जादू. ८५ आंतरराष्ट्रीय सामन्यांत ८४ गोल. २५ नोव्हेंबर १९५३ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर हंगेरीने इंग्लंडला ६-३ असं लोळवलं. त्यात पुश्काशचा एक गोल आजही दाखवतात. इंग्लंडचा कप्तान बिली राइट चेंडूवर झेपावला, पुश्काशने बुटाच्या तळव्याने चेंडू अलगद मागे ओढला. राइट रिकाम्या जागेत घसरत गेला आणि चेंडू जाळ्यात. पुढच्याच वर्षी विश्वचषकाची अंतिम लढत झाली. ज्या पश्चिम जर्मनीला हंगेरीने त्याच स्पर्धेत आधी ८-३ असं हरवलं होतं, तिच्याकडून अंतिम सामन्यात २-३ अशी हार झाली. १९५६ नंतर मायदेशही सुटला. एकतिसाव्या वर्षी, वजन वाढलेलं असताना, रियल माद्रिदने त्याला घेतलं आणि १९६०च्या युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात या माणसाने एकट्याने चार गोल केले.

पण मला सांगायचंय ते यापुढचं. २ जून १९७१. पुन्हा वेम्बली. पुन्हा पुश्काश. या वेळी अंगात खेळाडूचा गणवेश नाही. अथेन्सच्या पानाथिनाइकोस या संघाचा प्रशिक्षक म्हणून तो मैदानाच्या कडेला होता. ग्रीसचा कुठलाही संघ त्याआधी युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात पोचला नव्हता, त्यानंतरही पोचलेला नाही. समोर योहान क्रायफचा आयाक्स. सामना पुश्काशचा संघ ०-२ असा हरला. अठरा वर्षांपूर्वी याच गवतावर चेंडू पायाशी होता, तेव्हा सगळं त्याच्या हातात होतं. आता चेंडू दुसऱ्यांच्या पायाशी, आणि याच्या हातात काय? संघ निवडणं आणि बघत बसणं.

त्याच उन्हाळ्यात, त्याच लंडनमध्ये, बारा आठवड्यांनी ओव्हल मैदानावर दादरच्या एका मराठी माणसाने भारताला इंग्लंडमधला पहिला कसोटी विजय मिळवून दिला. २४ ऑगस्ट १९७१. त्या दिवशी गणेश चतुर्थी होती आणि प्राणिसंग्रहालयातून आणलेली बेला नावाची हत्तीण ओव्हलवर मिरवली होती. पुढे हाही माणूस मैदानाच्या कडेला, व्यवस्थापकाच्या खुर्चीत बसला. खेळाडूचा व्यवस्थापक होतो तेव्हा त्याच्यात काय बदलतं आणि काय टिकतं, हे पाहायला वाडेकरांइतकं चांगलं उदाहरण मराठी मुलखात मला दुसरं दिसत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. वाडेकर उत्तम फलंदाज होते. पण त्यांचं खरं कसब होतं ते दुसऱ्याच्या अकलेवर आणि हिमतीवर वेळेवर विश्वास टाकण्याचं. कप्तान म्हणून ते त्यांनी दाखवलं, वीस वर्षांनी व्यवस्थापक म्हणूनही दाखवलं. आणि हा विश्वास दोन्ही वेळा एकेकदा जोरात अंगावरही आला.

अजित लक्ष्मण वाडेकर. जन्म १ एप्रिल १९४१, मुंबई. वडिलांची इच्छा अशी की पोराने गणित शिकावं, इंजिनिअर व्हावं. एल्फिन्स्टन कॉलेजला जाताना बसमध्ये बाळू गुप्ते भेटायचे. ते कॉलेजच्या संघात होते. एकदा त्यांनी विचारलं, बारावा गडी म्हणून येतोस का? दिवसाला तीन रुपये मिळतील. तीन रुपयांसाठी पाणी न्यायला गेलेला हा मुलगा पुढे मुंबईचा तिसऱ्या क्रमांकाचा भरवशाचा डावखुरा फलंदाज झाला. १९५८-५९ मध्ये मुंबईकडून पदार्पण झालं, पण कसोटीचा दरवाजा उघडायला डिसेंबर १९६६ उजाडावा लागला. तोवर धावांचे ढीग पडत होते. म्हैसूरविरुद्ध रणजी सामन्यात ३२३ धावांची खेळी झाली. प्रथम दर्जाच्या २३७ सामन्यांत १५,३८० धावा, सरासरी ४७. कसोटीत मात्र ३७ सामने, २,११३ धावा आणि एकच शतक, १९६८ साली वेलिंग्टनला न्यूझीलंडविरुद्ध १४३. चार वेळा नव्वदीत बाद झालेल्या या माणसाच्या कसोटी आकड्यांवरून त्याची थोरवी कळणार नाही. ती कळते १९७१ मध्ये.

जानेवारी १९७१ मध्ये निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने कप्तानपद मन्सूर अली खान पतौडींकडून वाडेकरांकडे आलं. लोक बुचकळ्यात पडले. पतौडी म्हणजे नवाब, ऑक्सफर्ड, रुबाब. वाडेकर म्हणजे स्टेट बँकेत नोकरी करणारे, पुटपुटल्यासारखं बोलणारे गृहस्थ. पुढे जिंकल्यावर काही जण त्यांना ‘नशीबवान कप्तान’ म्हणत. हे नशीब कसं कमावलं जातं, ते वेस्ट इंडीजच्या दौऱ्यातल्या किंग्स्टनच्या पहिल्या कसोटीत बघा.

पहिला दिवस पावसात गेला. भारत ५ बाद ७५. दिलीप सरदेसाई आणि एकनाथ सोलकर यांनी सहाव्या विकेटसाठी १३७ धावा जोडल्या, मग सरदेसाई आणि प्रसन्ना यांनी नवव्या विकेटसाठी १२२. सरदेसाई २१२. भारत ३८७. वेस्ट इंडीज २१७. आघाडी १७० धावांची. पाच दिवसांच्या सामन्यात फॉलोऑन द्यायला २०० लागतात. पण पहिला दिवस वाया गेल्याने सामना चार दिवसांचा धरला जातो आणि मर्यादा १५० वर येते. हा नियम वाडेकरांना पाठ होता. ते वेस्ट इंडीजच्या ड्रेसिंग रूममध्ये गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांच्या कप्तानाला, सोबर्सला, सांगितलं की आम्ही फॉलोऑन देतोय. सोबर्स चमकला. नियम त्याच्या ध्यानात नव्हता. सामना अनिर्णित राहिला, पण त्या खोलीत जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. भारताकडून फॉलोऑन घ्यायची पाळी आपल्यावर येऊ शकते, हे त्या संघाला पहिल्यांदाच कळलं.

दुसरी कसोटी पोर्ट ऑफ स्पेनला. बोटाच्या दुखण्यामुळे पहिला सामना हुकलेला एकवीस वर्षांचा सुनील गावसकर इथे पदार्पण करतो आणि ६५ व नाबाद ६७ करतो. सरदेसाई पुन्हा शतक ठोकतात. पण सामना फिरला तो वेस्ट इंडीजच्या दुसऱ्या डावात. सलीम दुर्राणी हा लहरी म्हणून ओळखला जाणारा गोलंदाज. मला चेंडू द्या, मी लॉइड आणि सोबर्सला काढतो, असा निरोप त्याने कप्तानाकडे पोचवल्याचा किस्सा क्रिकेटवाले आजही सांगतात. दुसरा एखादा कप्तान म्हणाला असता, बघू. वाडेकरांनी चेंडू दिला. दुर्राणीने सोबर्सचा शून्यावर त्रिफळा उडवला आणि क्लाइव्ह लॉइडला झेलबाद केलं. झेल कोणी घेतला? वाडेकरांनीच. लॉइडचं नाव लक्षात ठेवा, पंचवीस वर्षांनी ते पुन्हा येणार आहे. भारत सात गडी राखून जिंकला. वेस्ट इंडीजवरचा हा भारताचा पहिला कसोटी विजय, आणि मालिकाही १-० अशी आपली.

इंग्लंडच्या दौऱ्यावर संघाचे मॅनेजर होते कर्नल हेमू अधिकारी. तेही खेळाडूच, एका कसोटीत भारताचे कप्तानही होते. त्याआधीचा मॅनेजर म्हणजे सामान, पासपोर्ट, मेजवान्या आणि भाषणं सांभाळणारा माणूस. अधिकाऱ्यांनी लष्करी खाक्याने पोरांकडून क्षेत्ररक्षणाची मेहनत करून घेतली. त्याचं फळ ओव्हलला दिसलं. इंग्लंड ३५५, भारत २८४. मग दुसऱ्या डावात चंद्रशेखर ३८ धावांत सहा बळी, इंग्लंड १०१ वर गुंडाळलं. पण हे यश एकट्या चंद्राचं नव्हतं. वाडेकर स्वतः स्लिपमध्ये, आणि फलंदाजाच्या बुटाशी, फॉरवर्ड शॉर्ट लेगला सोलकर. त्या काळात हेल्मेट नाही. ॲलन नॉट हा इंग्लंडचा भरवशाचा फलंदाज वेंकटराघवनचा चेंडू बॅटच्या तोंडाने खाली दाबतो, तोच सोलकर पुढे सूर मारून गवताला टेकता टेकता झेल उचलतो. फिरकी आपल्याकडे आधीही होती. त्या फिरकीभोवती असे हात उभे करणं हे कप्तान आणि मॅनेजर दोघांचं काम होतं.

विजयासाठी १७३ हव्या होत्या. शेवटच्या सकाळी वाडेकर आदल्या दिवसाच्या ४५ वर एकही धाव न जोडता धावबाद झाले. आत आले आणि झोपून गेले. इंग्लंडचा माजी फलंदाज केन बॅरिंग्टन याने उठवून सांगितलं की तुम्ही जिंकलात. वाडेकर हे मोठ्या मजेत सांगत. ऐकणाऱ्याला तो बेफिकिरीचा नमुना वाटतो. मला त्यात वेगळं काही दिसतं. बाद झाल्यावर कप्तानाच्या हातात काहीही उरत नाही. आत येरझाऱ्या घालून पुढे खेळणाऱ्या विश्वनाथ आणि इंजिनिअर या फलंदाजांना एकही धाव मिळणार नव्हती. ज्यांच्यावर काम सोपवलंय, त्यांच्यावर ते खरोखर सोडून देता येणं, ही व्यवस्थापकाची पहिली परीक्षा. ती वाडेकर तेव्हाच पास झाले होते.

१९७२-७३ मध्ये इंग्लंडचा संघ भारतात आला. मालिकेत माजी कप्तान पतौडी परतले आणि वाडेकरांच्या हाताखाली खेळले. ज्याची खुर्ची आपण घेतली, त्याला संघात सामावून घ्यायला मन मोठं लागतं आणि तसं मन अंगी असलं तर उगाच गाजावाजा होत नाही. पतौडींनी चेन्नईला ७३ धावा केल्या, मालिका २-१ अशी जिंकली. लागोपाठ तीन मालिका खिशात.

मग १९७४. इंग्लंडमध्ये ०-३. लॉर्ड्सला दुसरा डाव ४२ धावांत आटोपला, सतरा षटकांत. इंदूरला १९७१च्या विजयाच्या आठवणीसाठी सिमेंटची एक प्रचंड बॅट उभारली होती, तिला ‘विजय बल्ला’ म्हणत. लोकांनी तिच्यावर डांबर फासलं. तीन वर्षांपूर्वी ज्यांनी वाडेकरांची मिरवणूक पाहायला रस्ते भरून टाकले, त्याच जनतेचा हा दुसरा चेहरा. त्या दौऱ्यात भारताचा पहिला एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामनाही झाला, त्याचे कप्तान वाडेकर आणि त्यात त्यांच्या ६७ धावा. पण ४२ समोर ६७ कोण मोजतो? परत आल्यावर पश्चिम विभागाच्या संघातून वगळलं गेलं आणि वाडेकर निवृत्त झाले. कप्तान म्हणून १६ कसोटी, चार विजय, चार पराभव, आठ अनिर्णित. हिशेब बरोबरीत सुटला.

बँकेतली वर्षं लोक गाळून टाकतात. मी गाळणार नाही. पुश्काश निवृत्तीनंतर प्रशिक्षक म्हणून देशोदेशी फिरला, १९९१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या साउथ मेलबर्न संघाला विजेतेपद मिळवून दिलं. तो खेळातच राहिला. वाडेकरांना बँकेची नोकरी होती. मोठ्या बँकेत माणसं सांभाळायची म्हणजे रागावून काम होत नाही, हातचे लोक हातचेच ठेवावे लागतात. १९९२-९३ च्या सुमारास त्यांना भारतीय संघाचे क्रिकेट मॅनेजर नेमलं, तेव्हा ही शिदोरी बरोबर होती.

संघाची अवस्था चांगली नव्हती. दक्षिण आफ्रिकेत मालिका गमावलेली, मोहम्मद अझरुद्दीनचं कप्तानपद डळमळीत. १९९३च्या सुरुवातीला इंग्लंडचा संघ आला. उत्तर काय दिलं? तेच जुनं. आधी मोठी धावसंख्या, मग तीन फिरकी गोलंदाज आणि फलंदाजाभोवती क्षेत्ररक्षकांचं कोंडाळं. १९७१ मध्ये बेदी, चंद्रा, वेंकट होते. आता अनिल कुंबळे, वेंकटपती राजू, राजेश चौहान. कोलकात्याला अझरच्या १८२, चेन्नईला सचिनच्या १६५, वानखेडेवर विनोद कांबळीच्या २२४. कुंबळेने तीन सामन्यांत २१ बळी घेतले. ३-०. इंग्लंडने कोलकात्याच्या धुरक्याला दोष दिला आणि चेन्नईत कप्तान गूच आजारी पडला तेव्हा कोळंबीला. त्याच वर्षी श्रीलंकेत जाऊन कसोटी मालिका जिंकली, परदेशात कित्येक वर्षांनी आलेला विजय. नोव्हेंबरमध्ये हीरो कप. उपांत्य सामन्यात शेवटच्या षटकात दक्षिण आफ्रिकेला सहा धावा हव्या असताना चेंडू सचिनकडे गेला आणि भारत दोन धावांनी जिंकला. अंतिम सामन्यात कुंबळे १२ धावांत सहा बळी.

आता वाडेकरांच्या दुसऱ्या डावातला माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा क्षण. २७ मार्च १९९४, ऑकलंड. सलामीचा नवज्योत सिद्धू मान आखडल्याने खेळू शकत नव्हता. वीस वर्षांचा सचिन तोवर एकदिवसीय सामन्यांत मधल्या फळीत खेळायचा, एकही शतक नाही. तो अझर आणि वाडेकरांकडे गेला आणि मागणी केली : एकदा मला सलामीला पाठवा. जमलं नाही तर पुन्हा विचारणार नाही. तेव्हाची रीत अशी की सलामीच्या जोडीने नवा चेंडू जुना करायचा, मारामारी मागाहून. संघातल्या उत्तम फलंदाजाला नव्या चेंडूपुढे ढकलायचं म्हणजे जोखीम. दोघांनी होकार दिला. सचिनने ४९ चेंडूंत ८२ धावा केल्या. पुढचं तुम्हाला पाठ आहे. कल्पना सचिनची, बॅट सचिनची. पण त्या सकाळी ‘आत्ता नको’ असं उत्तर मिळालं असतं तर पुन्हा न मागण्याचा शब्द त्याने स्वतःच देऊन ठेवला होता. पोर्ट ऑफ स्पेनला दुर्राणी, ऑकलंडला तेंडुलकर : मागणी त्यांची आणि ती ऐकून घेण्याचं शहाणपण वाडेकरांचं.

आणि आता दुसरी बाजू, ती सांगितल्याशिवाय हे व्याख्यान म्हणजे नुसती आरती होईल. १३ मार्च १९९६, ईडन गार्डन्स, विश्वचषकाचा उपांत्य सामना. चार दिवसांपूर्वी बंगळूरला पाकिस्तानला हरवलेलं. समोर श्रीलंका, जिने साखळीत दिल्लीला २७१ धावा सहज गाठल्या होत्या. त्या धसक्याने आपण नाणेफेक जिंकून क्षेत्ररक्षण घेतलं. सुरुवात झकास झाली : पहिल्याच षटकात कालुवितरणा आणि जयसूर्या दोघेही बाद. मग अरविंद डिसिल्वाने ४७ चेंडूंत ६६ केल्या आणि श्रीलंका २५१ वर पोचली. खेळपट्टी फिरायला लागली. सचिन खेळपट्टीवर असेपर्यंत एक बाद ९८. तो यष्टिचीत झाला आणि पाहता पाहता आठ बाद १२०. प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, आगी लावल्या. मॅच रेफ्रीने सामना श्रीलंकेला बहाल केला. रेफ्री कोण? क्लाइव्ह लॉइड. १९७१ मध्ये ज्याचा झेल वाडेकरांनी घेतला होता, तोच आता वाडेकरांच्या संघाचा डाव बंद करत होता.

पुढे कित्येक वर्षांनी त्या नाणेफेकीवर आरोप झाले. वाडेकरांचं उत्तर साधं होतं : क्षेत्ररक्षणाचा निर्णय संघाच्या बैठकीत ठरलेला होता. त्यांनी एकट्या अझरवर ढकललं नाही. सगळ्यांचं ऐकून घेतलेला निर्णयही चुकतो, आणि चुकला तर तो सगळ्यांचा राहतो, हे त्या उत्तरात आहे. व्यवस्थापक असं वागला तरच पोरं पुढच्या वेळी तोंड उघडतात. त्या विश्वचषकानंतर वाडेकरांच्या जागी संदीप पाटील आले. वाडेकर १९९८-९९ मध्ये निवड समितीचे अध्यक्ष झाले. खेळाडू, कप्तान, व्यवस्थापक, निवड समितीचा अध्यक्ष : भारतीय क्रिकेटमध्ये या चारही पायऱ्या चढलेली माणसं मोजकीच आहेत. १५ ऑगस्ट २०१८ रोजी ते गेले.

मंडळी, परभणी जिल्ह्यात, सेलूला, जिंतूरला, गंगाखेडला, पाथरीला, कबड्डी आणि खो-खोचे संघ तयार होतात, कुस्तीच्या तालमी चालतात. मुलांमागे उभा असतो तो एखादा जुना खेळाडू. आपण प्रशिक्षक निवडताना त्याची पदकं बघतो. पदकं बघायला हरकत नाही, पण वाडेकरांचं कसोटीतलं शतक एकच होतं. त्याहून उपयोगाचे दोन प्रश्न मी सुचवतो. पहिला : याच्या संघातला सर्वांत लहान पोरगा याला येऊन ‘सर, मला पुढे खेळवा’ असं म्हणू शकतो का? दुसरा : संघ हरला की हा कोणाचं नाव घेतो? पहिल्याचं उत्तर ‘हो’ आणि दुसऱ्याचं ‘स्वतःचं’ असेल, तर त्याच्या गुडघ्यात आता दम नसला तरी चालेल, शिट्टी त्याच्या हाती द्या. आणि मग निदान तीन वर्षं तरी ती काढून घेऊ नका. विजय बल्ला आपणच उभारायचा आणि आपणच त्याला डांबर फासायचं, ही सवय आपल्या तालुक्यांतही आहे. ती गेली तर इथल्या मैदानांना बाहेरून माणसं आणायची गरज उरणार नाही.